त्याच्या वाटणीचं पाणी

शेवगाव सोडून एसटी पैठणच्या रस्त्याला लागली आणि चार-पाच किलोमीटरवर तिचा टायर बसला. “उतरा, उतरा, अर्धा तास तरी लागंल,” कंडक्टरने हाळी दिली. माणसं उतरली, बाभळीच्या सावलीला गेली आणि समोर जे दिसेल त्यावर मत द्यायला लागली.

समोर एक पडीक रान होतं. त्या रानात एक तरुण एकटाच उभा होता. हातात नऊ-दहा फुटांची बारीक, लवलवती काठी, काठीच्या टोकाला पिवळा दोर. काठी मागे जायची, दोर हवेत लांब उलगडायचा, क्षणभर थांबायचा... आणि मग पुढे येऊन गवतावर अलगद उतरायचा. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

“गोफन हाय का रं ती?”

“गोफनीला दगूड लागतो. आन् पाखरं कुठं हायेत?”

“मासं धरतोय त्यो,” एक म्हातारी म्हणाली.

“वावरात?”

“मंग काय! गोजरबाईच्या हाटेलातलं पोरगं हाय. परदेशातनं आल्यापास्नं असंच करतंय. डोक्यात फरक पडलाय म्हनत्यात.”

सगळे हसले. दीपा हसली नाही. त्या अख्ख्या एसटीत तो माणूस काय करतोय हे कळणारी ती एकटीच होती. गेले आठ दिवस ती सावेडीच्या आपल्या खोलीत बसून मोबाईलवर हेच तर पाहत होती!

त्याचं असं झालं होतं. दीपाने प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं, तेही माशांवर. स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात पुढच्या अभ्यासासाठी अर्ज केला. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी, भीमराजांनी, गल्लीभर पेढे वाटले. आणि मग तिकडच्या प्राध्यापक बाईंचा मेल आला. तिथल्या अफाट मोठ्या तळ्यांमधले ट्राउट मासे पकडायचे, मोजायचे, दोन खवले काढून घ्यायचे आणि जिवंत सोडायचे, असा त्यांचा प्रकल्प. जाळं लावायचं नाही. पिसांची खोटी माशी गळाला बांधून, ती दोराने दूरवर फेकून मासा पकडायचा. जागा एकच होती. ‘तुला हे येतं का?’ बाईंनी विचारलं होतं. ‘येत असेल तर तीस सप्टेंबरपर्यंत व्हिडिओ पाठव. वाऱ्यावर वाहत्या नावेतून, मासा कोणताही चालेल. पण पकडण्यापासून सोडण्यापर्यंत सगळं एकाच, न कापलेल्या व्हिडिओत हवं.’ ती जागा मिळाली नाही तर प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर शिष्यवृत्तीही नाही.

दीपाने ‘शिकते आहे’ असं उत्तर धाडलं होतं. कुठे शिकते आहे, ते बाईंनी विचारलं नव्हतं म्हणून बरं. जलाशयाकाठच्या गावात केशरआत्या राहते, पाणी तरी जवळ असेल, एवढ्याच भरवशावर ती आज निघाली होती.

टायर बदलला. कंडक्टरने घंटी मारली. “ओ ताई, चला!”

“तुम्ही व्हा पुढे,” दीपा म्हणाली, आणि बॅग खांद्याला अडकवून सरळ रानात शिरली.

तिला येताना पाहून तो थांबला. उन्हाने रापलेला चेहरा, डोळे हसरे. टीका ऐकायची सवय असलेल्या माणसासारखा तो आधीच तयारीत उभा राहिला.

“विचारा,” तो म्हणाला. “वावरात मासं घावत्यात का, हेच ना?”

“नाही. तुम्ही मागे जरा जास्तच थांबताय. व्हिडिओत इतकं थांबत नाहीत.”

त्याच्या हातातली काठी खाली आली. दोन वर्षांत या जिल्ह्यात त्याला कुणी असं बोललं नव्हतं. मग त्याने मुकाट्याने काठी तिच्यापुढे धरली. “दावा मग.”

दीपाने काठी घेतली, मागे नेली आणि सगळा जोर लावून पुढे मारली. फाडकन आवाज झाला, अगदी पोतराजाने कोरडा ओढल्यासारखा. बाभळीवरची पाखरं उडाली. दोराच्या टोकाची लाल लोकरीची माशी कुठल्या कुठे गेली.

“गेली माशी,” तो शांतपणे म्हणाला. “म्हनून थांबायचं असतं, मॅडम. मागचा दोर सरळ हुईस्तोवर. थांबलं न्हाई की कोरडाच निघतो.”

दीपा लाल झाली. मग दोघांना एकदमच हसू आलं, आणि पुष्कळ वेळ आवरलं नाही.

त्याचं नाव कानिफनाथ. हॉटेलचा कोर्स करून तो स्कॉटलंडला गेला होता, एका मोठ्या तळ्याकाठच्या हॉटेलात, स्वयंपाकघरात. तिथे डोनाल्ड नावाचा म्हातारा नावाडी होता. सोमवारी सुट्टीच्या दिवशी तो याला नावेत बसवायचा. दोन वर्षं त्याने शिकवलं. मग इकडे वडील गेले, आई आधीच गेलेली, रान अर्धं धरणात गेलेलं. कानिफनाथ परत आला, आणि गोजरमावशीबरोबर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला मासे-भाकरीचं हॉटेल चालवायला लागला. हॉटेलचे मासे तो जाळीवाल्यांकडून घ्यायचा. आपल्या काठीने धरलेले मात्र परत पाण्यात सोडायचा. हे मावशीला कधीच पटलं नाही. “धंदा मासळीचा, आन् पोरगं मासं सोडून देतंय,” असं ती गिऱ्हाइकांना ऐकवायची.

“मला शिकवाल?” दीपाने विचारलं. “दीड महिना आहे माझ्याकडे. काय घ्याल?”

“काय न्हाई.”

“असं कसं?”

“त्या डोनाल्डनं माज्याकडनं काय घेतलं हुतं? परक्या मुलखातलं पोरगं, भांडी घासनारं... त्याला काय पडलं हुतं, सांगा. पन शिकवलं. मला कवापास्नं कुनालातरी द्यायचं हुतं ते. घेनारच कुनी मिळंना.”

दीपाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

पहिले पंधरा दिवस पाण्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही, असा हुकूम निघाला. रोज सकाळी आत्याकडून निघून हॉटेलाशेजारच्या त्याच रानात. कोपर अंगाला चिकटून राहावं म्हणून तो तिच्या काखेत हॉटेलातली स्टीलची ताटली द्यायचा. कोपर सुटलं की ताटली खणकन खाली. पहिल्या दिवशी इतक्या वेळा पडली की मावशी हॉटेलातून ओरडली, “आरं, जेवायला कोन बसलंय तिकडं?”

“तुमच्या डोनाल्डनेही ताटली दिली होती का?” दीपाने दात-ओठ खात विचारलं.

“न्हाई. त्यानं पुस्तक दिल्तं. पन हॉटेलात पुस्तक कुठनं आनू?”

“मी आणते उद्या. आवाज तरी होणार नाही.”

“नको,” तो पटकन म्हणाला. “आवाजानं मला कळतं... तुमी आलाय ते.”

दीपाने मान वळवली नाही. ताटली मात्र त्याच क्षणी पडली.

माश्या तो स्वतः बांधायचा. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं, पलीकडे पैठणला विणणाऱ्यांकडून आणलेले रेशमाचे तुकडे, जरीची एखादी तार. दुपारी हॉटेल निवलं की दोघं बाकड्यावर समोरासमोर बसायची आणि तो तिला गाठ शिकवायचा. बारीक गळ, बारीक दोरा, चार बोटं एकाच जागी. बोटाला बोट लागायचं. दोघांपैकी कुणीच ते बोलून दाखवायचं नाही. मावशी मात्र भाकरी थापता थापता मधेच गालात हसायची.

तिसऱ्या आठवड्यात नाव निघाली. जुनी, फायबरची, एका बाजूने रंग उडालेली. पाणी इतकं दूरवर पसरलेलं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. अंगात केशरी जॅकेट घालून दोघं दोन टोकांना बसली. वारा पाठीवर. नाव वाऱ्याने पळू नये म्हणून जुन्या ताडपत्रीची छत्री त्याने पाण्यात सोडली, तशी नाव आडवी होऊन संथ सरकायला लागली.

“आता निय्यम,” कानिफनाथ म्हणाला. “तिकडं लॉखवर, म्हंजी तळ्यावर, समदी पाळत्यात. नावंच्या मधनं सरळ पुढं एक रेघ हाय असं समजा. रेघंच्या तिकडचं पानी तुमचं, इकडचं माजं. दुसऱ्याच्या वाटनीच्या पान्यात माशी टाकायची न्हाई. तिथं केवढा बी मासा उडू द्या.”

“आणि टाकली तर?”

“डोनाल्ड म्हनायचा, लग्नं मोडल्यात ह्याच्यावरनं.”

“तुमचं मोडलं का एखादं?”

“जमलंच न्हाई अजून, तर मोडतंय कुठलं?” तो म्हणाला, आणि गडबडीने वल्हं हातात घेतलं.

दिवस भराभरा गेले. भुरभुर पाऊस यायचा, चेहऱ्यावर जेमतेम जाणवायचा, जायचा. दीपाचा दोर हवेत सरळ व्हायला लागला. छोटे मासे लागायचे, सुटायचे. एखादी माशी नीट पडली की ती आपसूक त्याच्याकडे बघायची, आणि तो आपलं पाणी सोडून तिच्याच माशीकडे बघत असायचा. आपण शिकतोय याचा आनंद आणि शिकून झालं की जायचंय याची हुरहूर, दोन्ही एकाच वेळी तिच्या मनात यायची. ती बौद्ध घरातली, तो मराठ्यांच्या वस्तीवरचा. पुढच्या वाटेत काय काय खड्डे असतात, हे दोघांना कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून दोघंही माशांबद्दलच बोलत राहिली.

एकोणतीस तारखेला सकाळी वारा छान होता. नावेत स्टँडला मोबाईल लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं. तासाभराने दीपाच्या माशीवर पाणी फुटलं आणि काठी वाकली. चिलापी! चांगली वीतभराहून मोठी. दीपाने ती नीट थकवली, जाळीत घेतली, पाण्याच्या बादलीत सोडली. आता फक्त मोजायची आणि सोडायची.

“पट्टी?” तिने विचारलं.

कानिफनाथने खिसे चाचपले. पट्टी हॉटेलातच राहिली होती.

“हरकत न्हाई, काठाला जाऊ. मोबाईल चालूच ऱ्हाऊ द्या.”

नाव काठाला लागली. दोघं पट्टी शोधायला हॉटेलाच्या मागच्या खोलीत धावली. दहा मिनिटांत परत आली, तर बादलीत पाणी होतं आणि मासा नव्हता.

मोबाईलने मात्र सगळं टिपलं होतं. दोघांनी डोकं जोडून ते पाहिलं. आधी हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. मग गोजरमावशीचा आवाज आला, “चांगला हाय की गं बाई!” आणि मासा चित्रातून निघून गेला.

“मावशे!” कानिफनाथ ओरडत धावला. कढईत तेल कडकडत होतं आणि काम उरकलं होतं.

“वरडतोस कशाला? पोरीनं पैल्यांदा मोठा मासा धरला,” मावशी म्हणाली. “हातचा पैला मासा तिच्याच पोटात जायला पायजे का न्हाई? तुज्या नादानं तिनं सोडूनच दिला असता. दीड म्हैना झाला, उनातानात काठी हानतीय, वाळून कोळ झालीय. बस गं दीपा. काटं काढून देते.”

कानिफनाथचा चेहरा रागाने काळवंडला होता. तो पुढे काही बोलणार, तेवढ्यात दीपाने त्याच्या मनगटाला धरलं. ती खाली बसली. मावशीने पुढ्यात ताट ठेवलं, गरम भाकरी मोडून घातली, आणि खरंच एक एक काटा वेचून तिला घास दिला. दीपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मासा गेल्याचं होतं की आणखी कशाचं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आत्याशिवाय या गावात तिचं कोण होतं? आणि ही बाई तिला लेकीसारखी भरवत होती. दीपाने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

“मावशी, असा मासा मी कधी खाल्ला नव्हता,” ती म्हणाली. ते अगदी खरं होतं.

हातात एकच दिवस उरला होता.

तीस तारखेला वारा पडला. दोघं उजाडताच निघाली, पण पाणी नुसतं आरशासारखं. नाव जागची हलेना. दहा वाजता जराशी झुळूक आली, पाण्यावर बारीक चुण्या उठल्या. दीपाने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि माशी टाकायला सुरुवात केली. पाच मिनिटं गेली. दहा गेली.

“मॅडम,” तो एकदम म्हणाला. “एक सांगायचंय.”

“रेकॉर्डिंग चालू आहे.”

“असू द्या. त्यास्नी कुठं मराठी कळतंय? आन् आता न्हाई बोललो तर पुन्ना धाडस व्हायचं न्हाई.”

दीपाने दोर पाण्यावर ठेवला, आणि पुढे बघत राहिली.

“काल कढईत मासा बघितला... आन् मला बरं वाटलं,” तो म्हणाला. “वरडलो मावशीवर, पन आतनं बरं वाटलं. म्हनलं, व्हिडिओ जानार न्हाई, आता ही जात न्हाई. येक क्षनभर. मग रातभर सवताची लाज वाटली. तुमी इतक्या जीव तोडून शिकलाय, आन् मी... तुमाला शिकवनाऱ्याच्या मनात असं आलं, हे तुमाला ठावं असावं म्हनून सांगितलं. दुसरं काय मागनं न्हाई.”

आणि नेमकं तेव्हाच पाणी फुटलं, मोठ्याने, गोल गोल लाटा उठवत. पण ते रेघेच्या पलीकडे होतं, त्याच्या बाजूला.

कानिफनाथने आपला दोर भराभर गुंडाळला आणि काठी नावेत आडवी ठेवली. “टाका.”

“तुमचं पाणी आहे ते.”

“माजं हाय म्हनूनच सांगतोय. टाका!”

दीपाने काठी मागे नेली. थांबली... दोर सरळ झाला... आणि माशी त्याच्या वाटणीच्या पाण्यावर जाऊन टेकली. एक, दोन... काठी कमानीसारखी वाकली. पुढची चार मिनिटं तिने मासा खेळवून थकवला. मग जाळी, बादली, पट्टी. “एकतीस सेंटिमीटर!” ती मोबाईलकडे बघून इंग्रजीत ओरडली. दोन खवले चिमट्याने अलगद काढले, गळ सोडवला, मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात नेला. तो क्षणभर हातातच राहिला, मग शेपटी मारून गेला.

तिचे हात अजून पाण्यातच होते.

“मलाही बरं वाटलं होतं,” ती म्हणाली. “काल. मावशी काटे काढून देत होत्या तेव्हा.”

कानिफनाथ तिच्याकडे वळला.

“पण मी जाणार आहे,” दीपा म्हणाली. “वर्षभराचा अभ्यास आहे. तो करणार, आणि परत येणार. जाणार ते तुमच्यामुळे... आणि येणार तेही तुमच्यामुळेच. चालेल?”

“चालेल,” तो म्हणाला. आणि मग मोठ्याने, “चालेल की!”

मग दीपाने ओल्या हाताने रेकॉर्डिंग बंद केलं.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी गेला, न कापलेला, सगळा. नवव्या दिवशी सावेडीच्या घरी उत्तर आलं. निवड झाली होती. जानेवारीत हजर व्हायचं. बाईंनी खाली लिहिलं होतं, ‘तुझ्या सोबत्याने आपलं पाणी तुला दिलं, असं मी फार थोड्या होड्यांमध्ये पाहिलं आहे. तो काय बोलत होता ते कळलं नाही. पण माणूस चांगला असावा.’

दीपाने मेल तीनदा वाचला. मग बाहेर आली. आईने तिला मिठीच मारली. भीमराजांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, पुन्हा पुसला.

“दाखव बरं मला तो व्हिडिओ,” ते म्हणाले. “टीव्हीला जोड. माझ्या मुलीने काय पराक्रम केलाय ते बघू दे.”

दीपा टीव्हीपाशी गेली. वायर जोडली. रिमोट हातात घेतला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने व्हिडिओ सुरू केला, रिमोट वडिलांच्या हातात दिला आणि दाराशी जाऊन उभी राहिली.

भीमराजांनी तेवीस मिनिटांचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आईने मधेच एकदा पदर तोंडाला लावला. व्हिडिओ संपला, तरी ते काळ्या पडद्याकडे बघत होते.

“पाठवताना कापायचं नव्हतं, हे मला ठाऊक आहे,” ते शेवटी म्हणाले. “पण मला दाखवताना आवाज बंद करता आला असता तुला.”

“हो पप्पा.”

“केला नाहीस.”

“नाही. तुमच्यापासून लपवून मला कुठेच जायचं नाही.”

भीमराज उठले. खिडकीपाशी गेले, पाठमोरे उभे राहिले. ते वळले, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

“तीस वर्षं मी पोरं शिकवली,” ते म्हणाले. “शिकवलेलं मूल आपल्यापासून लांब जाणार, हे माहीत असून जीव ओतून शिकवायचं, हे सोपं नसतं गं. आणि मनात पाप आलं तर ते तोंडावर सांगायचं, हे तर मलाही जमलं नसतं. लाव फोन त्याला.”

दीपाने फोन लावला. पलीकडे घंटा वाजली. एकदा, दोनदा...

“हां, बोला मॅडम,” कानिफनाथचा आवाज आला. मागे भाकरी थापल्याचा आवाज होता.

भीमराजांनी फोन तिच्या हातातून घेतला.

“कानिफनाथ, मी दीपाचे वडील बोलतोय,” ते म्हणाले. पलीकडे भाकरी थापायचा आवाज थांबला. “तिची निवड झाली. रविवारी घरी या. तुमचे आभार फोनवर मानण्यासारखे नाहीत.”